एक थेंब पिवळा कमी

रंग घासायच्या वॉटर पेपरचा तुकडा पाण्यात बुडवून तिने बॉनेटवर गोल गोल फिरवायला सुरुवात केली तेव्हा सव्वादोन वाजले होते, आणि दोन वाजून एकतीस मिनिटांनी राखी-हिरव्या रंगाखालून नारिंगी रंग वर आला.

नारिंगी.

ती थांबली. पाणी कोपरापर्यंत ओघळून बाहीत शिरलं तरी तिला कळलं नाही. बटणाएवढं ते नारिंगी टिंब तिच्याकडे बघत होतं, पडद्याआडून कुणी हळूच एक डोळा लावावा तसं. पहिल्यांदा तिने स्वतःच्याच नजरेवर संशय घेतला, आणि तिच्या बाबतीत ही काही साधी गोष्ट नव्हती. रंगाच्या दुकानात ती एकतीस वर्षं गाड्यांचे रंग जुळवत होती. लोक पेट्रोलच्या टाकीचं झाकण घेऊन यायचे, ठोकलेल्या दरवाज्याचा तुकडा फडक्यात बांधून आणायचे; ती तो खिडकीशी नेऊन एकदा सरळ, एकदा तिरका धरायची आणि सांगायची, "हा पांढरा नाही. यात काळ्याचे दोन थेंब आहेत, आणि कुणीतरी घाईत लाल टाकलाय." दुकानात तिला नजरबाई म्हणत. मशीन चुकेल, नजरबाई चुकणार नाही, असं मालक नव्या गिऱ्हाइकाला छाती फुगवून सांगायचा. तिला ते आवडायचं आणि आवडायचंही नाही, कारण एकतीस वर्षांत तिने हजारो रंग तयार केले होते आणि त्यातला एकही तिचा नव्हता. दुसऱ्याचा रंग हुबेहूब करायचा, डाग होता तिथे काही नव्हतंच असं वाटायला लावायचं आणि हात धुवायचे. तिचं काम जितकं चांगलं होई तितकं ते कमी दिसे.

पण आत्ता छातीत कुणीतरी बंद दाराला आतून धडका देत होतं. तिने पेपर पुन्हा बुडवला. हळू. घाई नाही. घाई नाही म्हणता म्हणता हात भराभर फिरू लागला. थर उघडत गेले, एकात एक वर्तुळं, कापलेल्या ओंडक्यासारखी: बाहेर राखी-हिरवा, मग प्रायमरची मळकट रेघ, मग तो नारिंगी, चांगला जाड, तीन हात तरी दिलेला, आणि त्याच्याही आत, पत्र्याला चिकटून, एक गरीब आजारी निळा.

म्हणजे निळा कारखान्याचा.

म्हणजे राखी-हिरवा कारखान्याचा नाहीच.

म्हणजे मधे कुणीतरी

गाडी अण्णांची होती. अण्णा म्हणजे तिचे वडील. वजनकाटे दुरुस्त करणारे, दुकानादुकानांत जाऊन काट्याची जीभ सरळ करून त्यावर शिक्का मारणारे, सकाळी एकाच वेळी तीच दोन बिस्किटं खाणारे अण्णा. लग्नाआधी त्यांनी ही गाडी थेट कारखान्यातून आणली आणि मरेपर्यंत दुसऱ्या कुणाच्या हातात दिली नाही. चाळीसच्या वर त्यांनी ती कधी नेली नाही. "चाळीसच्या वर गेली की गाडी रडते," असं ते म्हणायचे. आणि चाळीसपर्यंत गाडी काय करायची? थरथरायची. सगळी. मागच्या सीटवर ती आणि दादा दात वाजवत बसायचे, "अ-अ-अण्णा, कि-कि-किती राहिलं?" असं मुद्दाम म्हणायचे, आणि अण्णा समोर बघत स्टिअरिंग दोन्ही हातांनी असं धरायचे की जणू एखाद्या दांडग्या जनावराचे कान धरलेत. पुढे आई पट्ट्याला लटकून, डोळे मिटून. चाळीसच्या वेगाला कोण डोळे मिटतं? हा प्रश्न तिला छप्पन्न वर्षांत आज पहिल्यांदा पडला, आणि पडला तो असा की हातातला पेपर खाली गळला.

पाच वाजता दादा येणार होता, आणि त्याची मुलगी ठिणगी. तसं ठरलं होतं. अण्णांच्या मागे गाडी दोन वर्षं तिच्या शेडमध्ये उभी होती, रविवारी ती तिला जागेवरच सुरू करून ठेवायची, आणि दोन वर्षं तिच्यावरून बापलेकीचं वाजत होतं. दादा जुन्या गाड्यांच्या मंडळाचा परीक्षक. पांढरे हातमोजे, शंभर गुणांचा छापील तक्ता, स्क्रूची खाच चुकीची असली तर दोन गुण कापणारा माणूस. त्याला गाडी कारखान्यातून निघाली तशी हवी होती. ठिणगी वेल्डिंग करायची, भुवया अर्ध्या जळालेल्या, हातावर भाजल्याचे ठिपके. तिला गाडीची हॉट रॉड करायची होती. "म्हणजे नेमकं काय, ते तरी कळू दे," दादा जेवता जेवता म्हणाला होता. "जुनं अंग, नवा जीव," ठिणगी म्हणाली. "मोठं इंजिन, बॉनेट फोडून वर आलेलं. आणि आवाज असा की शेजारच्यांनी खिडक्या लावाव्यात." "म्हणजे म्हाताऱ्याला हाफपँट घालून नाचवायचं." "आणि तुमचं काय वेगळं, बाबा? म्हाताऱ्याला काचेच्या पेटीत निजवायचं आणि नाकाला दहापैकी गुण द्यायचे!" दादा पाणी प्यायला, ग्लास जागच्या जागी ठेवला, आणि मग त्याचं नेहमीचं बोलला, "एकदा कापलेली गाडी माझ्या लेखी गाडीच नाही. या गाडीला आजवर कुणाची करवत लागलेली नाही. लागलेली निघाली, तर तुझी. घेऊन जा." दोघांनी एकदमच तिच्याकडे बघितलं. "आत्या बघेल," ठिणगी म्हणाली. "चिमी बघेल," दादा म्हणाला. घरात ती अजून चिमीच होती. आणि त्यांचं ते इतकं चटकन एकमत झालं, याचाच तिला त्या दिवशी राग आला होता. हिला काही नको असतं, तेव्हा हीच बरी. ही बघेल.

तर आता ती बघत होती. ड्रॉवरमधून लोहचुंबक काढला. रंगाला ओरखडा पडू नये म्हणून तो रुमालात गुंडाळायचा आणि पत्र्यावरून फिरवायचा. जिथे पत्रा आहे तिथे तो ओढ घेतो, जिथे आत लांबी, म्हणजे पुटी, भरली आहे तिथे हात मोकळा सुटतो. दादाने लोकांच्या शेकडो गाड्या अशा चाचपल्या होत्या. या गाडीवर त्याने चुंबक कधी ठेवला नव्हता. तिनेही नव्हता. घरच्या गाडीला कोण लोहचुंबक लावतं? बॉनेटच्या कडेने चुंबक चिकटत, अडखळत गेला, मध्यावर आला आणि सुटला. एकदम. पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसा हात हलका झाला आणि त्या क्षणी ती चक्क हसली. शेडमध्ये, एकटी, मोठ्यांदा. तिने बोटांनी कडा शोधली. इथून इथपर्यंत. ताटाएवढा चौकोन. मग बॉनेट उचलून ती आत वाकली, इंजिन आणि माणसाचे पाय यांच्या मधल्या पत्र्यावरून चुंबक फिरवला, आणि तिथेही तो सुटला, आणि नखाने खरवडल्यावर रंगाच्या पापुद्र्याखाली वेल्डिंगची रेघ दिसली, सुबक, बारीक, एकसारखी, काट्याची पारडी जोडणाऱ्या माणसाने मारावी तशी. इथे मागे सरकेल एवढं मोठं इंजिन होतं. तिथून वर येईल एवढं. आणि सगळ्यावर नारिंगी. शेजारच्यांनी खिडक्या लावाव्यात असं नारिंगी.

अण्णा!

तिला बसावंसं वाटलं म्हणून ती गाडीत बसली, त्यांच्या जागेवर, आणि स्टिअरिंगचे कान धरले. आईचं एक वाक्य होतं. भांडणात नाही, असंच, कणीक मळताना, कपडे वाळत घालताना आई म्हणायची, "मी तुमच्या वडिलांकडे जन्मात एकदाच काही मागितलं, आणि त्यांनी ते दिलं." ती आणि दादा इतकी वर्षं समजून होते की ते शिलाई मशीन. आईची पाऊलखूण असावी तसं ते मशीन दादाने अजून जपलं होतं. शिलाई मशीन! आई, तू काय मागितलंस ते आत्ता कळलं: हा वेग सोडा. दादा पोटात असताना मागितलंस की झाल्यावर? त्यांनी किती दिवस घेतले? कुठल्या रविवारी त्यांनी ते मोठं इंजिन उतरवलं, भोकावर पत्रा ठेवला, लांबी भरली, घासली, घासली, घासली, आणि मग एक रंग कालवला जो कुणाच्या डोळ्यात भरणार नाही, पावसाळी आभाळासारखा, हिशेबी, शहाणा, वजनकाट्यावर शिक्का मारणाऱ्या माणसाला शोभेल असा, आणि तो

रंग.

ती ताठ झाली. एकतीस वर्षांपूर्वी ती दुकानात नवी होती तेव्हा दादाचं मंडळ नुकतंच निघालं होतं. या जातीच्या गाड्यांचा कारखाना केव्हाच बंद पडलेला, जुनी माहितीपत्रकं काळी-पांढरी, लोकांच्या गाड्या पाच-पाच वेळा रंगवलेल्या. मूळ रंग कुणालाच सांगता येईना. दादा म्हणाला, "अण्णांची गाडी आहे की. पहिल्यापासून तीच." म्हणून तिने दरवाजाच्या आतल्या कोपऱ्यातून, ऊन न लागलेल्या जागेतून, नमुना घेतला आणि तो जुळवणं हे तिचं पहिलं मोठं काम ठरलं. अण्णा त्या दिवशी दुकानात येऊन बसले होते. तिचा काटा तपासायला, म्हणाले. काटा तपासून झाला तरी उठले नाहीत. संध्याकाळपर्यंत ती कालवत होती, पट्ट्या रंगवून वाळवत होती, नमुन्याला लावून बघत होती, आणि काहीतरी सारखं निसटत होतं, अगदी कडेला, नाव आठवतं पण तोंडावर येत नाही तसं. शेवटी अण्णा मागून म्हणाले, "एक थेंब पिवळा कमी कर." तिने केला. जुळला. इतका जुळला की पट्टी नमुन्यावर दिसेनाशी झाली. तिने वळून बघितलं तर अण्णांच्या डोळ्यांत पाणी, आणि ते म्हणाले, "थिनर झोंबतंय गं." वजनकाट्याच्या माणसाला पिवळ्याचा एक थेंब कसा कळला, हे तिने तेव्हा विचारलं नाही. नजर आपल्याला त्यांच्याकडून आली, एवढंच तिला वाटलं आणि ती खूश झाली. तो रंग तिने दुकानाच्या वहीत लिहिला, पहिल्याच पानावर, 'मूळ राखी-हिरवा', थेंबांच्या संख्येसकट. त्या पानावरून शहरातल्या चौदा गाड्या रंगल्या होत्या. चौदाही गाड्यांना दादाने 'मूळ रंग' या रकान्यात पैकीच्या पैकी गुण दिले होते. प्रदर्शनात त्या एका रांगेत उभ्या राहायच्या, पितळी पाट्या लावून, दोरीपलीकडून लोक बघायचे, आणि त्या चौदाही गाड्यांच्या अंगावर कारखान्याचा नव्हे, अण्णांचा रंग होता. एका बापाने आपला नारिंगी झाकायला कालवलेला.

तिला हसू आवरेना. आणि हसता हसता घाम फुटला.

चार वाजून गेले होते. दादा आयुष्यभर एकाच गोष्टीवर उभा होता, आणि ती गोष्ट तिनेच त्याच्या पायाखाली ठेवली होती. त्याला हे कळलं तर? गाडी हातची जाईल, ते वेगळं; त्याच्याच शब्दाने जाईल. पण ती चौदा गुणपत्रकं, त्यांवरची त्याची सही, ते अण्णा? आणि नजरबाई? मशीन चुकेल, नजरबाई चुकणार नाही. तिचे हात तिला न विचारता कामाला लागले. फळीवर लांबीचा गोळा काढला, त्यात हार्डनर पिळला, पत्तीने मळला. हार्डनर पडला की दहा मिनिटं. दहा मिनिटांत ती टिंब भरू शकत होती, कडा घासून वर राखी-हिरव्याचा हात देऊ शकत होती. पाचाला काहीच दिसलं नसतं. तिचं तर कामच ते होतं. बघितलं, दादा, सगळं मूळ आहे. बघितलं, ठिणगे, सॉरी. पत्ती हातात घेऊन ती त्या नारिंगीवर वाकली, आणि तिला अण्णा दिसले, याच जागी, याच पत्तीने, हेच करताना. तोंड तर तिने त्यांचंच घेतलं होतं, हातही. फक्त त्यांच्याकडे कुणीतरी मागितलं होतं. तिच्याकडे कुणी काय मागितलं होतं? बघ, एवढंच.

लांबी फळीवर तापली, घट्ट झाली, दगड झाली. ती बघत राहिली. मग तिने ड्रॉवरमधली दुकानाची वही उघडली, पहिल्या पानावरचा 'मूळ' हा शब्द खोडला आणि वर लिहिलं: 'अण्णांचा'.

"काय गं चिमे, दार सताड उघडं!" दादा आला तो हातमोजे चढवतच. मागे ठिणगी, काखेत वेल्डिंगचा मुखवटा, जिंकायला आलेली. चिमी बाजूला झाली. दादा वाकला. चष्मा वर केला, खाली केला. मग त्याने उजव्या हाताचा मोजा काढला, जे त्याने आजवर कुठल्या गाडीसमोर केलं नव्हतं, आणि उघडं बोट नारिंगीवर ठेवलं. ती बोलत गेली: निळा, वेल्डिंग, चौकोन, पिवळ्याचा थेंब, वही. बोलता बोलता तिचा आवाज चढत होता, लहान मुलीसारखा, आणि तिला तो उतरवावासा वाटत नव्हता.

"अपघात झाला असेल," दादा म्हणाला. "गॅरेजवाल्याने केलं असेल. अण्णांना माहीतही नसेल."

"गॅरेजवाल्याने नारिंगीचे तीन हात दिले?"

"अगं, अण्णा! आपले अण्णा! चाळीसच्या वर कधी गेले का ते?"

ठिणगी एव्हाना गाडीखाली शिरली होती. फक्त बूट दिसत होते. "बाबा," आवाज आला, "मागच्या चाकांचा आस या गाडीचा नाहीच. हा कुठल्यातरी दांडग्या, पळणाऱ्या गाडीचा आहे. आजोबांनी पुढचं सगळं परत छोटं केलं, हा तसाच ठेवला." ती सरपटत बाहेर आली, कपाळावर काजळी. "म्हणून थरथरायची! चाळीसला हिचा जीव गुदमरतो, बाबा. रडायची ती चाळीसच्या आत."

चिमीने किल्ली उचलली.

रविवारची उतरती दुपार, गोदामांच्या मागचा लांब सरळ रस्ता, सगळी शटरं खाली. ती चालवत होती, ठिणगी शेजारी, दादा मागे, त्याच्याच जुन्या जागेवर, मांडीवर शंभर गुणांचा तक्ता. वीस. तीस. गाडी थरथरू लागली, काचा, दारं, तक्त्याचा कागद, आणि मागून दादा नकळत म्हणाला, "चि-चि-चिमे, पुरे." चाळीस. काटा तिथे आला आणि तिचा पाय आपोआप सैल पडला. पन्नास वर्षांची सवय होती ती. तिच्या पायाची नव्हे, घराची. तिने पायाकडे बघितलं नाही. दाबला. पंचेचाळीस, आणि थरथर इतकी वाढली की आरसा दिसेना, आता सगळं सुटून विखरून पडणार असं वाटलं, पन्नास, दादाने सीटची पाठ घट्ट धरली, बावन्न,

आणि शांत.

गाडी गुळगुळीत झाली. मिठी सैल व्हावी तशी. एक खोल, समाधानी आवाज उरला आणि गोदामं दोन्ही बाजूंनी तुकतुकीत वाहू लागली. बॉनेटवर ते नारिंगी टिंब उन्हात पेटलं होतं. अण्णा रोज, रोज, या जागेच्या बारा अंक अलीकडे थांबत आले होते, आणि त्यांना नेमकं माहीत होतं पलीकडे काय आहे.

मागे दादाने नाक ओढलं. "ठिणगे."

"हं."

"नव्याने कुठे कापायची नाही. नवं काही घालायचं नाही. त्यांनी जशी केली होती तशीच करायची. तेच इंजिन शोधायचं, तोच नारिंगी. तंतोतंत. एक स्क्रू इकडचा तिकडे झाला तर बघ."

"बाबा, हॉट रॉडला कसलं तंतोतंत!" ठिणगी ओरडली. "आणि निघाली तर माझी, म्हणाला होतात! शब्द दिला होतात!"

"दिला होता. तुझीच. तूच करायचीस. मी फक्त गुण देणार."

"आत्या, सांग ना यांना काहीतरी!"

पण आत्या बघत नव्हती. रस्त्याच्या टोकापर्यंत अजून बराच रस्ता होता, काटा पंचावन्नवर स्थिर होता, आणि नारिंगीत किती थेंब लाल आणि किती पिवळे हे तिला एव्हाना कळलं होतं. तरी तिने मनातल्या मनात एक थेंब वाढवला, पिवळ्याचा, कुणाच्याच गाडीत नसलेला. मागून दादा पुढे झुकला. त्याचा श्वास तिच्या मानेवर आला, अण्णांच्या बिस्किटासाठी मागून हात पुढे करणाऱ्या त्या जुन्या पोरासारखा.

"चिमे," तो हळूच म्हणाला, "अजून."